द्वारपालाचा कडेलोट

खाडीच्या मुखाशी असलेल्या त्या गावात मी शाळेत बाई म्हणून गेले, तेव्हा स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. पलीकडच्या काठावर रेवदंडा आणि अलीकडे आम्ही. बाजार, डॉक्टर, एस.टी. सगळं पलीकडे. मधे तरीची होडी. भरती असली की बघता बघता पलीकडे, आणि ओहोटी लागली की चिखलात अडकलेली होडी आणि होडीत अडकलेली माणसं.

गावात देवीचं देऊळ होतं आणि नवरात्रात दरवर्षी अलिबागकडचे एक कीर्तनकार येत. त्या वर्षी घटस्थापनेच्या तोंडावर त्यांचा निरोप आला की घसा बसलाय आणि डॉक्टरांनी महिनाभर बोलू नका म्हणून सांगितलंय. कीर्तनकाराला मौन म्हणजे नाखव्याला कोरडवाहू शेती. पण इलाज नव्हता. देवळाचा कारभार गावच्या तांडेलाकडे, म्हणजे कोळ्यांच्या म्होरक्याकडे होता. हा उंच, काळा, सावकाश बोलणारा माणूस समुद्रावर वादळाला घाबरत नसे, पण रिकाम्या सभामंडपाला घाबरला. त्यानं गावातली शिकलेली माणसं गोळा केली. म्हणजे आम्ही तिघं. मी, पोस्टमास्तर आणि शिंपी. शिंपी फारसा शिकलेला नव्हता, पण त्याच्या दुकानात मुंबईचं वर्तमानपत्र यायचं.

पोस्टमास्तरांना नाटकाचं वेड होतं. आवाज भारदस्त. खिडकीतून "आज टपाल नाही" एवढंच ते म्हणत, पण ऐकणाऱ्याला वाटे, आपलं राज्य बुडालं. पूर्वी त्यांची बदली सावंतवाडीकडे होती. तिथे त्यांनी पडद्यामागून नाचवायच्या चामड्याच्या बाहुल्या पाहिल्या होत्या. दिव्याच्या उजेडात पडद्यावर त्यांच्या सावल्या पडतात आणि मागे बसून माणसं बोलतात.

"पुठ्ठ्याच्या करू," मास्तर म्हणाले. "शेवटचे पाच दिवस, रोज आरतीनंतर एकेक भाग. आज जिथे थांबलं तिथून उद्या पुढे. लोक धावत येतील. राजा मी."

राजा कोण हे ठरलं म्हणजे बाकी सगळं ठरलंच. तांडेलानं होडीचं जुनं शीड पडद्यासाठी दिलं. दोन दिवस उन्हात टाकूनही त्याचा सुक्या बोंबलाचा वास गेला नाही. शिंप्यानं पुठ्ठा कापून बाहुल्या केल्या, हातपाय दोऱ्यानं जोडले आणि मागे नारळाचे हीर बांधले. गोष्ट लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी तेव्हा तेवीस-चोवीस वर्षांची होते आणि आपण एक दिवस मोठी लेखिका होणार याबद्दल मला काडीचीही शंका नव्हती. मी लिहिलं: एका बेटावरचा राजा, त्याची लाडकी कन्या, तिला पळवून नेणारा फितूर प्रधान आणि तिला सोडवणारा परदेशी राजपुत्र. भाषा अशी भरजरी, की वाचताना मलाच दम लागे.

राजकन्या आणि राजपुत्र मी बोलणार होते, प्रधान शिंपी. एक द्वारपाल उरला. त्याला एकच वाक्य होतं: "महाराज, कुणीतरी आलंय." एवढ्यासाठी माणूस कुठून आणायचा?

"आमच्या हिला घेऊ," मास्तर म्हणाले. "नाही तरी रोज घरी तेच म्हणते."

मास्तरांच्या पत्नीला सगळे वहिनी म्हणत. पोस्टाच्या पुढच्या खोलीत कचेरी आणि मागच्या दोन खोल्यांत बिऱ्हाड. दिवसभर कुणी ना कुणी खिडकीशी येई, मास्तर मागे जेवत किंवा वाचत पडलेले असत आणि वहिनी आत वळून सांगत, "अहो, कुणीतरी आलंय." याखेरीज गावात कुणी त्यांचा आवाज ऐकल्याचं मला आठवत नाही. त्या आल्या, पडद्यामागे कोपऱ्यात बसल्या आणि द्वारपालाची काडी त्यांनी जेवणाचं ताट धरावं तशी दोन्ही हातांनी धरली. शिंप्याकडे पुठ्ठा संपत आल्यावर हा द्वारपाल झाला होता, त्यामुळे अंगानं सुकट. उजव्या हाताची गाठ सैल बसली होती. तो हात आपोआप वर जाई आणि डोकं खाजवून खाली येई.

पहिल्या दिवशी सगळा गाव लोटला. गॅसबत्ती फुरफुरली, राजा आला आणि मास्तरांनी आभाळ गडगडावं तसं स्वतःचं वर्णन केलं. मग द्वारपालाची वेळ. वहिनींनी वाक्य म्हटलं, ते मलाही ऐकू आलं नाही.

"ऐकू येत न्हाय!" मागून कुणीतरी ओरडलं.

वहिनी घाबरल्या आणि घाबरून त्यांनी घरचाच सूर लावला. मान मागे वळवून, थोडं कंटाळून, "महाराज, कुणीतरी आलंय!"

पोस्टाच्या खिडकीशी उभं राहिलेल्या प्रत्येक माणसानं हा सूर ओळखला. एकच हशा उसळला. त्यात मास्तरांचाही तोल गेला. 'त्यास दरबारी हजर करा' असं मी लिहिलं होतं. ते म्हणून बसले, "कोण आहे? बसायला सांग."

माझ्या राजकन्येनं सखीच्या विरहात केलेलं भाषण त्यानंतर कुणी ऐकलं नाही. भागाच्या शेवटी प्रधानानं तिला पळवलं, तेव्हाही लोक द्वारपालाकडेच बघत होते, कारण त्याला पडद्यावरून काढायला आम्ही विसरलो होतो. राजकन्या त्याच्या नाकासमोरून ओरडत गेली आणि हा डोकं खाजवत उभा.

दुसऱ्या दिवशी गोंधळ वेगळा झाला. प्रधान राजाकडे येऊन खोटे अश्रू ढाळतो, असा प्रवेश होता. पण शिंप्याच्या तोंडात पान होतं आणि बाहुलीचे दोरे एकमेकांत अडकले होते. तोंडात पान घेऊन तो गाठ सोडवत बसला. पडद्यावर फक्त द्वारपाल. राजा वाट बघतोय. प्रेक्षक वाट बघतायत. मी वहिनींना खुणेनं सांगितलं, काहीतरी बोला.

"थांबा जरा," वहिनी म्हणाल्या. "प्रधानजी जिना चढतायत. वय झालं आता."

लोक हसले. पुढच्या रांगेत एक म्हातारी कोळीण बसायची. रेवदंड्याच्या बाजारात मासळी विकायची ती, आणि तिच्या तोंडाला फौजदारही वचकून असे. तिनं हाक मारली, "ए दारवाल्या, जेवलास का रं?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. पुठ्ठ्याला कुणी प्रश्न विचारेल असं मला वाटलंच नव्हतं.

"महाराज जेवल्याशिवाय मला कुठलं जेवण?" वहिनी म्हणाल्या.

"काय केलंय आज वाड्यावर?"

"मंगळवारचा उपास आहे ना. साबुदाणा. महाराजांना दोनदा वाढलाय. मला पातेलं खरवडायचंय."

बायकांच्या बाजूला असा हशा झाला की देवीपुढची समई हलली. राजाच्या काडीमागे मास्तरांचा चेहरा मी पाहिला. ते हसत नव्हते. पण त्यांना नक्की काय बोचतंय, हे त्यांनाही कळत नसावं. दुपारी त्यांनी खरोखरच दोनदा साबुदाणा घेतला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी तरीवर गेले, तर होडीत दुसरा विषय नव्हता. म्हाताऱ्या कोळिणीनं मला मासळीच्या पाटीशेजारी बसवलं.

"बाई, त्या दारवाल्याला बाईल हाय का न्हाय?"

"त्याचा गोष्टीशी काही संबंध नाही," मी जरा तोऱ्यात म्हटलं. "तो दुय्यम आहे."

"दुय्यम हाय तर मंग कशाला उभा केलाय उन्हात?" ती म्हणाली. मग खाली वाकून, पोलिसानं विचारावं तशी, "आनि एक सांग. राजाची पोर पळवली, तवा हा दारातच व्हता. मंग यानं बघितलं कसं न्हाय?"

माझ्या गोष्टीला भगदाड होतं आणि ते नेमकं दारातच होतं.

परत येईपर्यंत गावात दोन तट पडले होते. एक म्हणे, दारवाला फितूर आहे, प्रधानाला सामील आहे. दुसरा म्हणे, उपाशी माणसाला झापड येते, त्याचा काय दोष? शाळेत माझा वर्गसुद्धा दोन भागांत बसला. मी दुपारी वही मिटली आणि तडक वहिनींकडे गेले. त्या मागच्या ओटीवर वाती वळत होत्या.

"वहिनी, तुम्हाला काय वाटतं? त्यानं राजकन्येला नेताना पाहिलं होतं का?"

"पाहिलं की."

"मग राजाला सांगितलं का नाही?"

वहिनींनी वात मांडीवर फिरवली. "त्याला हुकूम काय आहे? 'कुणी आलंय' म्हणून सांगायचं. कुणी गेलं तर सांगायचं, असा हुकूम कुठाय? ते कधी कुणी विचारतच नाही."

मी लेखिका होणार होते. मी तीन दिवस जागून पंचवीस पानं लिहिली होती आणि त्यात या एका वाक्याच्या तोडीचं काही नव्हतं. मी घरी येऊन तिसरा भाग फाडून पुन्हा लिहिला. राजा द्वारपालाला जाब विचारतो, द्वारपाल हे उत्तर देतो, राजा अंतर्मुख होतो, न्यायावर बोलतो आणि त्याला क्षमा करतो. न्यायावरचं भाषण मी मास्तरांसाठी मुद्दाम मोठं ठेवलं. त्यांनी ते पाठ केलं, आरशासमोर म्हणून पाहिलं.

संध्याकाळी वहिनींनी ते वाक्य म्हटलं. आता त्यांचा आवाज बसला होता, म्हणजे जागेवर बसला होता. सभामंडपात जी टाळी पडली, ती थांबेचना. "बराबर बोलला!" "व्हय, कोन इचारतंय?" लोक एकमेकांना ते वाक्य पुन्हा सांगत होते. कुणी आपल्या सासूला सांगत होतं, कुणी नवऱ्याला. त्या गलक्यात मास्तरांनी भाषण सुरू केलं. "न्याय म्हणजे..." कुणाचं लक्ष नाही. पुन्हा "न्याय म्हणजे..." तिसऱ्यांदा त्यांचा आवाज फाटला.

"उर्मट! आमच्यासमोर उलट उत्तर! या द्वारपालाचा कडेलोट करा!"

आणि हे कुणी करायची वाट न बघता त्यांनी वहिनींच्या हातातून बाहुली ओढली आणि खाली टाकली. पडद्यावरून द्वारपाल डोकं खाजवत खाली गेला.

मग तांडेलाचा सावकाश आवाज आला. "कुनाला इचारून?"

त्या संध्याकाळी पुढचा खेळ झालाच नाही. लोक प्रसादसुद्धा न घेता उठले. वहिनींनी खाली पडलेली बाहुली उचलली, पदरानं पुसली, भिंतीशी उभी करून ठेवली आणि आम्हा कुणाशी न बोलता घरी गेल्या.

चौथ्या दिवशी सकाळी तांडेल शाळेच्या दारात उभा. "बाई, कडेलोट झाला तो झाला. राजाचा हुकूम हाय, मागं घेता येत न्हाय. पर कड्याखाली काय व्हतं?"

"काय होतं?"

"बेटावरचा राजा ना? मंग खाली पानी. आमचा मानूस पान्यात मरत न्हाय. पवून येईल संध्याकाळपातूर." एवढं सांगून तो निघाला आणि वळून म्हणाला, "आला तर त्याला बसाया कायतरी द्या. तीन दिस उभा हाय."

द्वारपाल पोहून येईल, पण वहिनी येतील का? मधल्या सुट्टीत मी पोस्टाच्या मागच्या दारानं गेले. मास्तर विहिरीवर आंघोळ करत होते आणि एकेका तांब्यासरशी न्यायाचं भाषण म्हणत होते. वहिनी शांतपणे तांदूळ धूत होत्या.

"आज येणार ना?" मी विचारलं.

"मी कशी येऊ? माझा कडेलोट झालाय."

इतक्यात पुढून कुणीतरी खाकरलं. वहिनींनी दारातून डोकावून पाहिलं. त्यांच्या खांद्यावरून मीही. खाकी पिशवी, काळी छत्री, चष्मा. अलिबागहून पोस्टाचे इन्स्पेक्टर आले होते, न कळवता. वहिनींनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, चहा केला, तोही दिला. मग आत येऊन पुन्हा तांदूळ धुवायला बसल्या.

"अहो, मास्तरांना सांगा ना!" मी कुजबुजले.

"सांगायचं काम ज्याचं होतं, त्याला काल कड्यावरून टाकला."

"मी सांगते मग."

"बाई," त्या म्हणाल्या, "तुम्ही बसा." मी बसले.

पुढच्या खोलीत इन्स्पेक्टर चहा पीत होते आणि विहिरीवरून सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. "न्याय म्हणजे तलवार! न्याय म्हणजे आम्ही! या राज्यात आमच्या परवानगीवाचून पानसुद्धा हलत नाही!" मग तांब्या आपटल्याचा आवाज. मग नुसता ओला पंचा नेसलेले, मिशांतून पाणी निथळणारे मास्तर कचेरीच्या खुंटीवरचा सदरा घ्यायला म्हणून थेट पुढच्या खोलीत गेले आणि कुणाची तरी चाहूल लागली तशी गरजले, "कोण आहे रे तिकडे?"

"मी आहे," इन्स्पेक्टर उठून म्हणाले.

पुढचं मला दिसलं नाही, कारण मी भिंतीला टेकून तोंडात पदर कोंबला होता. वहिनींचे खांदे हलत होते, पण तांदूळ धुणं थांबलं नव्हतं. मास्तर सदरा घेऊन आत आले. म्हणाले, "अगं, सांगायचं नाहीस?"

वहिनींनी तांदळातलं पाणी ओतून दिलं. मास्तर सदरा उलटा घालून पुढे गेले.

कचेरीचं काम चोख होतं, त्यामुळे इन्स्पेक्टरांनी काही म्हटलं नाही. पण तपासणी संपेपर्यंत ओहोटी लागली आणि होडी चिखलात बसली. आता संध्याकाळच्या भरतीशिवाय सुटका नाही. "देवळात काही असतं म्हणे?" त्यांनी विचारलं. मास्तरांना नाही म्हणता आलं नाही.

शाळा सुटताना मास्तर माझ्याकडे आले. चेहरा उतरलेला. "बाई, येऊ द्या त्याला पोहून. क्षमेचं भाषण लिहा." दोन पावलं गेले आणि थांबले. "जरा मोठं लिहा."

मी म्हटलं, "आणि वहिनी?"

"तिला मी सांगतो." मग अवघडून, "सांगतो म्हणजे विचारतो."

काय विचारलं ते मला माहीत नाही. पण आरतीच्या वेळी दोघं बरोबर आले. वहिनींनी भिंतीशी ठेवलेली बाहुली उचलली आणि जागेवर बसल्या. पहिल्या रांगेत म्हाताऱ्या कोळिणीशेजारी इन्स्पेक्टर मांडी घालून बसले होते.

द्वारपाल पडद्यावर आडवा तरंगत आला, तेव्हा लोकांनी होडी किनाऱ्याला लागावी तसा "हय्या हो" घातला. तो उभा राहिला आणि सवयीनं त्यानं डोकं खाजवलं. राजानं क्षमेचं भाषण सुरू केलं. कागद मास्तरांच्या हातात होता, गॅसबत्तीच्या उजेडात मला तो दिसत होता. दोन वाक्यं झाली आणि ते थांबले. मला वाटलं, ओळ हरवली. मी पुढची ओळ कुजबुजणार, तेवढ्यात त्यांनी कागद खाली ठेवला.

"द्वारपाला," राजा म्हणाला, "तुला कधी विचारलं नाही. त्या दिवशी कोण कोण गेलं?"

हे मी लिहिलेलं नव्हतं.

"प्रधानजी गेले," वहिनी म्हणाल्या. "राजकन्येला खांद्यावर टाकून गेले. तुम्ही तेव्हा आरशासमोर मिशांना पीळ देत होतात."

हशा.

"आणखी?"

"राजवैद्य गेले. तुम्ही म्हणालात, औषध कडू आहे, घेऊन जा."

हशा.

"आणखी?"

"तुमची धाकटी बहीण येऊन गेली. बराच वेळ बसली. तुम्ही भाषण पाठ करत होतात."

हसू जरा कमी झालं. मास्तरांची बहीण गेल्या महिन्यात येऊन गेल्याचं गावाला माहीत होतं.

"आणखी?" राजानं विचारलं. आवाज उतरला होता.

"मी गेले होते."

द्वारपाल पुरुष होता. 'गेलो होतो' म्हणायला हवं होतं. चार दिवसांत वहिनींची ही चूक एकदाही झाली नव्हती. ते दोन काने गळाले आणि सगळ्या सभामंडपाला ऐकू आले. म्हातारी कोळीण हसली नाही. शिंप्यानं पान गिळलं.

"कुठे?" मास्तरांनी विचारलं. राजाचा आवाज कुठल्या कुठे गेला होता.

"म्हसळ्याला. आईला बरं नव्हतं. सांगून गेले. तुम्ही 'हं' म्हणालात. शेजारच्या काकूंनी तुम्हाला वाढलं. चार दिवसांनी मी परत आले, ताट वाढलं, तर तुम्ही म्हणालात, 'आज आमटी वेगळी लागतेय.'"

आधी एक बाई हसली. मग दुसरी. मग बायकांची सगळी बाजू हसली, आणि पुरुषांच्या बाजूला एकेकाला खोकला आला. इन्स्पेक्टर चष्मा काढून पुसायला लागले. माझ्या हातातल्या राजपुत्राची काडी मी कशी धरली होती कोण जाणे, त्याची मान मोडली.

मास्तरांनी राजाची काडी या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाले, "आमटी वेगळीच होती."

"काय?"

"त्या चार दिवसांतली. बरी नव्हती. तू आल्यावर पहिल्यासारखी झाली. तेच म्हणायचं होतं मला. उलटं निघालं तोंडातून."

"खोटं बोलतोय राजा!" म्हातारी कोळीण कडाडली.

"गप गं," मागून तांडेल म्हणाला. "बोलू दे त्याला."

त्यावर खरंच वाद पेटला. राजा खरं बोलतोय की वेळ मारून नेतोय? पडद्याच्या पुढे माणसं एकमेकांशी भांडत होती आणि मागे नवरा-बायको पुठ्ठ्याच्या दोन काड्या धरून, एकमेकांकडे न बघता बसले होते. वहिनींच्या चेहऱ्यावरून मला काही कळलं नाही. शेवटी शिंप्याला राहवेना. प्रवेश नसताना त्यानं आपला फितूर प्रधान पुढे घुसवला आणि घाईघाईत ओरडला, "महाराज, मी गुन्हा कबूल करतो!" म्हणजे माझ्या गोष्टीचा पाचवा भाग चौथ्यातच सुरू झाला.

पाचव्या दिवशी राजकन्या सुटून आली, लग्न लागलं, मान मोडलेल्या राजपुत्रानं विजयगीत म्हटलं. लोकांनी ते, पाहुण्याला चहा होईपर्यंत ऐकून घ्यावं तसं, ऐकून घेतलं. ते वाट बघत होते दुसऱ्याच गोष्टीची. शेवटी राजानं बक्षिसं वाटली आणि द्वारपालाला विचारलं, "तुला काय हवं?" वहिनी म्हणाल्या, "स्टूल." शिंप्यानं दुपारीच कापून ठेवलेलं पुठ्ठ्याचं स्टूल पडद्यावर आलं. द्वारपालाला गुडघे नव्हते, त्यामुळे त्याला बसवायला फार खटपट पडली. तो अर्धवट कलंडून एकदाचा टेकला, तेव्हा गावानं जल्लोष केला. माझ्या राजकन्येच्या लग्नाला कुणी टाळीसुद्धा वाजवली नव्हती. मला वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू? दोन दिवस मी कुणाशी धड बोलले नाही. पण तिसऱ्या दिवशी नवीन गोष्ट लिहायला घेतली आणि पहिल्याच पानावर एक गाडीवान आला. त्याला मी घाईनं हाकलला नाही. तो कुठून आला, जेवला का, हे आधी ठरवलं. मग गाडी पुढे नेली.

मास्तर एका दिवसात बदलले, असं मी म्हणणार नाही. खिडकीशी कुणी आलं की अजूनही वहिनीच आत वळून सांगत. फरक एवढाच की कधी कधी आतून "आलो" असं उत्तर येई. दिवाळीला मात्र त्यांनी म्हसळ्याला जायची रजा मागितली. दिवाळीच्या गर्दीत रजा मिळणं अवघड असतं, पण अलिबागहून ती ताबडतोब मंजूर होऊन आली. इन्स्पेक्टर शेवटपर्यंत बसले होते, त्याचा काही परिणाम असावा.

परत आल्यावर वहिनी फराळाचा डबा घेऊन माझ्याकडे आल्या. "कसं झालं माहेर?" मी विचारलं.

"काय सांगू बाई!" त्या म्हणाल्या. आता त्या माझ्याशी बऱ्यापैकी बोलत. "यांनी आईला पाचही भाग करून दाखवले. राजा, प्रधान, राजकन्या, सगळे आवाज काढले. वाडीतले लोक गोळा झाले. पण द्वारपाल काही जमेना यांना. त्याची वेळ आली की थांबायचे आणि मला हाका मारायचे. मी आपली लाडू वळतेय. म्हटलं, माझे हात तुपाचे आहेत, राजाला जरा थांबायला सांगा."

"मग थांबले?"

"थांबले की," वहिनी म्हणाल्या आणि डब्याचं झाकण उघडून त्यांनी एक लाडू माझ्या हातावर ठेवला. "तोवर तीन खाऊन झाले होते त्यांचे."